अनावेदक क्रमांक दोनचं उत्तर

सुजाता,

फ्लेक्स लागला. तू पहिलं हेच विचारलं असतंस, म्हणून पहिलं हेच सांगते. हॉलच्या फाटकावर, दोन पुरुष उंच. त्यात तुझा फोटो कोपऱ्यात, आधार कार्डावर असतो तेवढा, आणि श्रद्धांजली वाहणारे मात्र कंबरेपर्यंत, हात जोडून, कडक इस्त्रीत. चौघांपैकी एकाशी तुझी कधी भेटही झाली नव्हती, आणि एकाला तू दोनदा आपल्या केबिनमधून बाहेर काढलं होतंस. तोच सगळ्यांत दुःखी दिसत होता.

भंतेजींनी वंदना घेतली तोवर सगळं नीट चाललं होतं. मग माइक आला. तू गरिबांची मसीहा होतीस हे मला तीस वर्षांच्या ओळखीनंतर प्रथमच कळलं. एका वक्त्याने तुला 'समता की जलती मशाल' म्हटलं. दुसऱ्याने मशाल काढून तिथे दीपस्तंभ बसवला. इंदूरपासून समुद्र किती लांब आहे याची चौकशी त्याने केली नसावी. त्या क्षणी मला तुझं कोपर हवं होतं. अशा वेळी ते नेमकं माझ्या बरगडीत यायचं, आणि टोकदार होतं.

माझ्याही पर्समध्ये कागद होता. वक्त्यांत माझं नाव होतं आणि मी तो किस्सा लिहून नेला होता. कोणता, ते तुला ठाऊक आहे. तो मी सांगितला नाही. का सांगितला नाही आणि पुढे काय झालं, ते तुला कळवावं म्हणून हे लिहिते आहे. पण त्यासाठी थोडं मागे जावं लागेल. तुला माझं मागे जाणं आवडायचं नाही. "मॅडमजी, पॉइंट पे आओ." येते. दम धर.

आपली ओळख एका निरस्त अर्जाने झाली. भंवरकुआंजवळ तुझ्या खात्याचं मुलींचं वसतिगृह होतं. आसपासच्या तहसिलींतून इंदुरात शिकायला येणाऱ्या गरीब घरच्या मुलींसाठी. जागा थोड्या, अर्ज ढीगभर. निवड समितीत तू खात्याची अधिकारी, मी कॉलेजातून पाठवलेली बाहेरची सदस्य, आणि तिसरे एक निवृत्त मुख्याध्यापक, ज्यांचं मुख्य काम 'बिल्कुल सही' म्हणणं हे होतं. मी अर्थशास्त्र शिकवायची. विषमता या विषयावरची बरीच पुस्तकं वाचून आले होते आणि एक टिपणही आणलं होतं. तू टिपण बाजूला ठेवलंस आणि माझ्यासमोर कोरा अर्ज सरकवलास.

"पहले ये भर दो."

"मी सदस्य आहे," मी म्हणाले.

"म्हणूनच."

ही तुझी रीत होती. जो अर्ज दुसऱ्याने भरायचा तो आधी आपण भरून बघायचा, आणि नुसता भरायचा नाही, त्याच्याबरोबर खिडकी-खिडकी चालायचं. मी चाळीस मिनिटं भरत बसले. रहिवासाच्या रकान्यात चुकले, पटवारी कोण हे मला सांगता आलं नाही, आणि फोटो नीट चिकटवून खाली सुंदर सही केली. तू तो उचललास, एकदा बघितलास आणि लाल पेनाने वर लिहिलंस: निरस्त.

"का?"

"सही फोटोवरून पाहिजे. अर्धी फोटोवर, अर्धी कागदावर. खाली लिहिलंय बारीक अक्षरात."

"इतकं बारीक कोण वाचणार?"

"मॅडमजी, तुम पीएचडी हो. देपालपूरची सोळा वर्षांची मुलगी काय करणार, ते सांग."

त्या वर्षी ते अक्षर मोठं झालं. मी आयुष्यात जे काही छापलं त्यापेक्षा त्या एका ओळीचा उपयोग जास्त लोकांना झाला असावा, आणि तीही मी लिहिली नव्हती.

तू स्वतःच्याच खात्याच्या रांगेत उभी राहायचीस, हे मी इतरांकडून ऐकलं होतं. खरं वाटलं नव्हतं. मग एकदा तू मला बरोबर नेलंस. साधी साडी, हातात प्लास्टिकची पिशवी, पिशवीत दाखले. खिडकीवरचा बाबू नवा होता. त्याने तुझ्याकडे न बघताच म्हटलं, "कल आना." तू दुसऱ्या दिवशी गेलीस. "कल आना." तिसऱ्या दिवशीही गेलीस. चौथ्या दिवशी तू आपल्या खुर्चीत बसलीस आणि त्याला बोलावून घेतलंस. तो आला, त्याने तुझा चेहरा बघितला, आणि त्याचा रंग उतरला. तू फक्त एवढंच म्हणालीस, "लो भिया, कल आ गया." त्याची तक्रार केली नाहीस. त्याला आठवडाभर रांगेत पिशवी घेऊन उभं केलंस. पुढे तो तुझ्या हाताखालचा सर्वांत चांगला माणूस झाला. परवा तो हॉलमध्ये मागच्या रांगेत बसला होता. त्याला कुणी बोलायला बोलावलं नाही.

माझे आजोबा मिलमध्ये कारकून म्हणून आले, तुझे आजोबा फौजेतून निवृत्त होऊन महूलाच राहिले. दोघींची मराठी इंदूरने सारखंच मन लावून बिघडवली. बाकी आपल्यात सारखं फारसं काही नव्हतं, आणि मैत्रीला ते बरं असतं. वाद आपला एकच होता. तो आपण कधी मिटू दिला नाही.

मी म्हणायची, याद्या करू नका. जे द्यायचं ते सगळ्यांना द्या. शाळा, दवाखाना, बस, वसतिगृह. यादी आली की दाखला येतो, दाखला आला की खिडकी येते, खिडकी आली की 'कल आना' येतं. गरिबाला आधी गरिबी सिद्ध करायला लावायची आणि मग मदत करायची, हा अपमान आहे.

तू म्हणायचीस, "सबको देने का मतलब पता है? जो दरवाज़े के पास खड़ा है, उसको. माझ्या आजीच्या गावात विहीर सगळ्यांचीच होती, मॅडमजी. कागदावर."

यावर माझ्याकडे उत्तर असायचं, पण ते पुस्तकातलं असायचं. तुझं आणखी एक वाक्य होतं. "मी शिकले, कारण एका यादीत माझं नाव होतं, आणि ते कुणी खोडलं नाही." सुरुवातीच्या वर्षांत तू हे नेहमी म्हणायचीस. नंतर कधीतरी तू त्यातला शेवटचा तुकडा गाळायला लागलीस. "एका यादीत माझं नाव होतं," एवढ्यावर थांबायचीस. हे माझ्या लक्षात यायला बरीच वर्षं लागली. मी शब्दांच्या बाबतीत स्वतःला जागरूक समजते.

आता पॉइंटवर येते.

जूनची दुपार. समितीची बैठक. खोलीत कूलर होता, कूलरमध्ये पाणी नव्हतं. यादी मार्कांप्रमाणे आणि घरच्या परिस्थितीप्रमाणे लागली होती, तू मोठ्याने वाचत होतीस. वाचता वाचता आलं: करुणा, देपालपूर, वडील मंडीत तुलावटी, म्हणजे धान्य तोलणारे, त्यांना कमरेच्या दुखण्याने काम होत नाही, बी.एस्सी.ला प्रवेश. आणि आडनाव तुझ्या माहेरचं.

मी मान वर न करता म्हणाले, "वा! घरचंच कार्य दिसतंय. पहिल्या पंगतीला आपलीच माणसं."

मुख्याध्यापक हसले. "बिल्कुल सही," म्हणाले.

तू हसली नाहीस. "भाई की लड़की है," एवढंच बोललीस. लाल पेन उघडलंस, ड्रॉवरमधून पट्टी काढलीस आणि त्या नावावर रेघ मारलीस. पट्टी लावून. रेघ सरळ आली. खालची मुलगी एक पायरी वर सरकली, मी सही केली, आणि मग कचोऱ्या आल्या.

विनोद चांगला झाला असं मला तेव्हा वाटलं होतं. आज लिहून बघते तर त्यातलं 'आपलीच माणसं' नजरेआड होत नाही. माझ्या मावसबहिणीची मुलगी आमच्या कॉलेजात, माझ्याच विभागात लागली, तेव्हा पंगतीचं नाव कुणी काढलं नव्हतं. पेढे वाटले होते आम्ही. तूही खाल्ला होतास. आमच्यातलं कुणी कुठे लागलं की ती हुशारी असते, आणि तुमच्यातलं कुणी यादीत आलं की यादीचीच चौकशी होते. हे मी वर्गात शिकवू शकले असते, अगदी संदर्भांसह. फक्त त्या खोलीत, त्या दुपारी, ते करणारी मी होते.

आणि तू जी चूक केलीस ती तूच करू शकत होतीस. दुसरा कुणी अधिकारी असता तर माझ्याबरोबर हसला असता आणि नाव तसंच ठेवलं असतं. एखादा लबाड असता तर त्याने करुणाला चार नंबर वर नेलं असतं. तुझ्याकडे कुणी बोट दाखवू नये म्हणून तू एका पात्र मुलीला बाहेर ठेवलंस, कारण तिचं नशीब असं की तिची आत्या प्रामाणिक होती.

दुसऱ्या वर्षी वरून आदेश आला. समितीच्या सदस्याचा नातेवाईक अर्जदार असेल तर सदस्याने खोलीबाहेर जावं. अर्ज आतच राहील. मी तो वाचून म्हणाले होते, "आता मोठ्या माणसांनाही वर्गाबाहेर उभं करणार." तू उठलीस आणि बाहेर कडुनिंबाखाली जाऊन उभी राहिलीस. खिडकीतून दिसत होतीस. शेंगदाणे खात होतीस, टरफलं पर्समध्ये ठेवत होतीस. आत आम्ही करुणाचं नाव वाचलं. या वेळी ती यादीत पहिलीच होती. मी सही केली. तू परत आलीस, तुला सांगितलं, तू "ठीक" म्हणालीस आणि पुढचा अर्ज उचललास. मला वाटलं, संपलं.

संपलं असंच मी धरून चालले, इतकं की तुझ्या निवृत्तीच्या समारंभात मी तोच किस्सा सांगितला. शाल, श्रीफळ, आणि काचेचं ते वजनदार स्मृतिचिन्ह, ज्याने तू नंतर दार अडवायचीस. मी माइकवर सांगितलं की या बाईने सख्ख्या भावाच्या मुलीचं नाव पट्टी लावून खोडलं. निःपक्षपात म्हणजे काय हे मी त्या दिवशी पाहिलं. टाळ्या फार पडल्या. मुख्याध्यापक व्हीलचेअरवर आले होते, त्यांनी काय म्हटलं ते सांगायला नको.

परतताना रिक्षात तू शाल माझ्या मांडीवर टाकलीस.

"वो किस्सा मत सुनाया कर."

"का? तुझी स्तुतीच तर आहे."

"माझी आहे. तिची नाही." थोड्या वेळाने म्हणालीस, "एक वर्ष बसने आली ती देपालपूरहून. रोज."

मग रिक्षावाल्याला रस्ता सांगू लागलीस, जो त्याला माहीत होता.

त्या संध्याकाळपासून माझं काम सोपं होतं. दोन वाक्यं बोलायची. तो विनोद माझा होता, आणि मला वाईट वाटतं. मी अर्ध्या आयुष्यात हजार व्याख्यानं दिली असतील. ही दोन वाक्यं काही जमली नाहीत. एकदा पोह्यांच्या दुकानात मी सुरुवातही केली होती. "सुजाता, ते त्या दिवशी मी पंगतीचं जे..." तू प्लेटमधून मान वर न करता हात पुढे केलास. "जीरावन दे इधर." मी दिलं. मला हायसं वाटलं, हे कबूल करते. वाटलं, तुला तो विषय नको आहे. मसाल्याचा डबा पुढे करून सुटका होत असेल तर कुणाला नको असते?

दवाखान्यात आपण शेवटचं बोललो तेही तुझ्या रीतीने. बायकांना बस फुकट असावी की नाही यावर तू मला वीस मिनिटं झापलंस. फुकट सगळ्यांना असावी, असं मी म्हटलं. बस जिथे जातच नाही तिथल्या बाईला फुकट काय आणि विकत काय, असं तू म्हटलंस. मी म्हटलं, हा माझ्या मुद्द्याला विरोध नाही. तू म्हटलंस, आहे. नर्स आली, तिने मला बाहेर जायला सांगितलं. तू हात हलवलास. "रहने दे. कल बताती हूँ."

आता एवढ्यावर तुझ्या त्या बाबूला काही म्हणायचा तुला अधिकार राहिलेला नाही.

तर परवा माझं नाव पुकारलं गेलं. कागद पर्समध्ये होता. मी उठले, माइकपर्यंत गेले, आणि समोर दुसऱ्या रांगेत करुणा बसलेली दिसली. पांढरी साडी, केसांत थोडं पांढरं, शेजारी तिचा भाऊ. तिला मी इतक्या वर्षांत पन्नासदा भेटले असेन. तुझ्या घरी, तिच्या लग्नात, बारशाला. तिने माझी नेहमी 'मावशी, कशा आहात' अशी चौकशी केली आणि मी तिला नेहमी नोकरी कशी चाललीय ते विचारलं. तुझा किस्सा तिच्यासमोर सांगायची वेळ आजवर आली नव्हती. म्हणजे तिला वगळून सांगायलाच तो किस्सा चांगला होता.

मी म्हणाले, "सुजाताने पहिल्याच भेटीत माझा अर्ज निरस्त केला होता. तो निरस्त करण्यासारखाच होता." आणि खाली आले. टाळी वाजवायची की नाही हे लोकांना ठरवता आलं नाही. सूत्रसंचालकाने घाईने एक शेर म्हटला.

जेवणाच्या वेळी करुणा खीर वाढत होती.

"मावशी, खीर घ्या. आत्याच्या पद्धतीची आहे, म्हणजे साखर कमी."

"करुणा," मी म्हणाले, "ती बस किती वाजता असायची गं?"

तिला कोणती बस ते विचारावं लागलं नाही. पळी पातेल्यात ठेवून तिने हात पदराला पुसले.

"पावणेसहाला, मावशी. चुकली की मग पुढची साडेसातची, तिने पहिला तास गेलाच समजा. सीट? नाम मत लो. दांडी एका हाताने पकडायची आणि दुसऱ्या हातात केमिस्ट्री. एक कंडक्टर भिया होते, म्हणायचे, जोर से पढ़ बेटा, हम भी सुनें. वर्ष संपेपर्यंत त्यांना पीरियॉडिक टेबल सोडियमपर्यंत पाठ झालं होतं. पुढे माझ्या लग्नात आले तर स्टेजवर म्हणून दाखवलं."

ती हसली. मीही हसले. 

"थंडीत एकदा चुकली," ती म्हणाली. "प्रॅक्टिकल होतं. तेव्हा स्टँडवर बसून खूप रडले. आत्यावर इतकी चिडले होते, मावशी. दोन महिने बोलले नाही."

"आणि माझ्यावर?"

"तुम्हाला तर ओळखतही नव्हते तेव्हा." तिने माझ्याकडे नीट बघितलं. "का? आज का विचारताय?"

"त्या दिवशी तो विनोद मी केला होता म्हणून. पंगतीचा. नाव सुजाताने खोडलं, पण पेन मी उघडायला लावलं. हे मी तिला कधी सांगितलं नाही. तुलाही नाही. मला त्याचं फार वाईट वाटतं."

बघ, दोन वाक्यं ठरली होती, सहा झाली. तू मोजली असतीस.

करुणाने पातेल्यातून पळी उचलली. माझ्या वाटीत आणखी एक पळी खीर घातली. मग म्हणाली, "उद्या सकाळी घरी आहात ना? एक कागद द्यायचाय. आत्या म्हणाली होती, मॅडमजी खुद पूछेंगी, तब देना. आणि नाहीच विचारलं तर रद्दीत टाक."

दुसऱ्या दिवशी सकाळी, सांवेर रोडला कामावर जाता जाता, तिने दारात स्कूटर थांबवली. ती तिथल्या औषधांच्या कारखान्यात लॅबची प्रमुख आहे, हे तुला नव्याने काय सांगायचं. हेल्मेट काढून ती टेकली, आणि पिशवीतून तुझी ती जुनी बांधणीची फाइल काढली, नाडीवाली.

आत एक अर्ज. अक्षर करुणाचं, कॉलेजातल्या मुलीचं, गोल. भाषा तुझी. विषय: चयन समिति द्वारा पात्र आवेदिका का नाम काटे जाने के संबंध में. तुझ्या वरिष्ठांना लिहिलेला; ही त्याची पोच घेतलेली प्रत. ज्यांच्याविरुद्ध तक्रार, त्या अनावेदकांत क्रमांक एकला तू. क्रमांक दोनला मी, पूर्ण नाव, सासरच्या आडनावासकट. क्रमांक तीनला मुख्याध्यापक.

"तिने बसवून लिहून घेतलं माझ्याकडून," करुणा म्हणाली. "दोन महिने बोलत नव्हते ना, तर घरी आली, बाबांना म्हणाली, हिला कागद दे. मी म्हटलं, आत्या, तुझ्याच विरुद्ध? तर म्हणे, मेरे खिलाफ नहीं लिखेगी तो किसके खिलाफ लिखेगी, प्रधानमंत्री के? गलती मैंने की है. रडायचं असेल तर रड, पण आधी अर्ज पूर्ण भर."

मी वाचत होते. 'आवेदिका पात्र थी. उसका नाम केवल इस कारण काटा गया कि वह अनावेदक क्रमांक एक की भतीजी है. रिश्तेदार होना अपात्रता नहीं है.' आणि पुढे: 'अनावेदक क्रमांक दो ने हँसी में एक टिप्पणी की, जिस पर समिति में किसी ने आपत्ति नहीं ली.' आक्षेप न घेणाऱ्यांत तू स्वतःलाही धरलं होतंस.

म्हणजे वरून आलेला तो आदेश वरून आलाच नव्हता. तो देपालपूरहून आला होता, तुझ्या भावाच्या घरातून. ज्या नियमावर मी हसले तो माझ्यामुळेच झाला होता, आणि कडुनिंबाखाली शेंगदाणे खाताना तू हे जाणून होतीस. इतक्या वर्षांत ज्या ज्या मुलीची आत्या, काका, मामा समितीत होते आणि तरी जिला जागा मिळाली, ती त्या कागदाने. मला वाटायचं, धोरणं दिल्ली-भोपाळला होतात.

शेवटच्या पानावर उत्तरांचा तक्ता होता. क्रमांक एकसमोर तुझी सही आणि वाक्य: 'शिकायत सही है. गलती मेरी है.' क्रमांक तीनसमोर मुख्याध्यापकांच्या थरथरत्या अक्षरात: 'बिल्कुल सही.' त्यांनी आयुष्यात एकदा तरी ते योग्य जागी वापरलं.

क्रमांक दोनसमोर जागा कोरी. कडेला पेन्सिलीने, मराठीत, तुझ्या अक्षरात: 'उत्तर येणं बाकी. घाई नाही.'

तू कबूल केल्यावर कुणाच्या उत्तराची गरजच नव्हती, हे मला समजतं. तरी मुख्याध्यापकांकडे तू गेलीस आणि माझ्याकडे आली नाहीस. त्यांचं उत्तर मागून मिळण्यासारखं होतं. माझं तुला मागून नको होतं. पोह्यांच्या दुकानात मी सुरुवात केली तेव्हा तू जीरावन मागितलंस, कारण मी 'ते त्या दिवशी' असं आडवळणाने म्हणाले होते आणि चुकीच्या माणसाला म्हणत होते. ते करुणाला सांगायचं होतं. तू मला निरस्त केलंस, पुन्हा अर्ज करण्याच्या अधिकारासकट.

आणि एवढी वर्षं माझ्याबरोबर चहा पीत राहिलीस. तक्रारीत नाव असलेल्या माणसाशी इतकं चांगलं वागणारं दुसरं खातं मी पाहिलेलं नाही.

करुणा निघाली तेव्हा सहज म्हणाली की त्यांच्या कारखान्यात पाळणाघर सुरू झालंय. अर्जात 'पतीची सही' असा रकाना होता. तिने स्वतःच्या नावाने अर्ज भरला, सहीची जागा कोरी ठेवली, आणि खिडकीवर जाऊन उभी राहिली. परत पाठवला त्यांनी. तो परत आलेला अर्ज घेऊन ती मालकासमोर गेली. रकाना गेला. मी विचारलं, आता पाळणाघर सगळ्यांना आहे की आधी ठेक्यावरच्या बायकांना? मला तुझा वाद पुढे चालवायचा होता.

"पहले वो, फिर सब," ती हेल्मेटचा पट्टा लावत म्हणाली. "खोली लहान आहे ना, मावशी. मोठी बांधतोय."

आणि गेली. तीस वर्षं, सुजाता. तीस वर्षं आपण दोघी यावर भांडलो आणि त्या मुलीने किकही न मारता, बटण दाबून स्कूटर सुरू केली. मला हरल्यासारखं वाटायला हवं होतं. खरं सांगू, मी आत गेले, चहा केला, आणि बऱ्याच दिवसांनी गोड लागला.

तुझी फाइल माझ्या टेबलावर आहे. नाडी सोडलेली आहे. उत्तर मराठीत देते आहे. खात्यात चालणार नाही, तुला चालेल.

अनावेदक क्रमांक दोन यांचं म्हणणं असं. तक्रार खरी आहे. टिप्पणी मीच केली होती आणि ती हसण्यासारखी नव्हती. याद्यांबद्दलचं माझं मत कायम आहे, पण ती यादी बरोबर होती. आवेदिकेला समक्ष भेटून सांगितलं आहे. उशीर झाला, त्याला कारण देत नाही. तू कारणांचा रकाना कधीच वाचत नव्हतीस.

खाली सही केली आहे. नियमात नसताना फोटोही लावला आहे, आणि या वेळी सही अर्धी फोटोवर, अर्धी कागदावर आहे. चष्मा लावून बघ.